मराठी सरसर वाचणारा मुलगा इंग्रजी स्पेलिंगला का अडतो?

पत्र:
माझा मुलगा चौथीत आहे. मराठी शाळा, सेमी इंग्रजी. मराठी वर्तमानपत्र घडाघडा वाचतो, शुद्धलेखनातही फारशा चुका नसतात. इंग्रजीच्या स्पेलिंग टेस्टमध्ये मात्र दहापैकी तीन-चार. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला देतात. तो लिहितो आणि चार दिवसांनी पुन्हा तीच चूक. ‘कप’ला के-ए-पी, ‘केक’ला के-ई-के, ‘नाइफ’ला एन-ए-आय-एफ. घरात सगळे म्हणतात, लक्ष नाही. माझं इंग्रजी बेताचंच. ‘नाइफ’च्या पुढे के कशाला, असं त्यानं विचारलं की मला उत्तर देता येत नाही. त्याच्यात काही दोष आहे का? की याला नियम असतात आणि ते आम्हाला कुणी सांगितलेच नाहीत?
– एक आई, सांगली जिल्हा

उत्तर:

ताई,

त्याचं लक्ष आहे. तुम्ही दिलेल्या तीन चुकांवरूनच ते दिसतं. ‘कप’मध्ये तीन आवाज आहेत, त्यानं तीन अक्षरं लिहिली आणि क्रमही बरोबर ठेवला. ‘नाइफ’मधले न, आय, फ हे तिन्ही आवाज त्याच्या कानानं नेमके पकडले. फक्त त्यानं इंग्रजी शब्द मराठी पद्धतीनं रोमन अक्षरांत लिहिले. ही सवय त्याला घरातल्या माणसांच्या नावांवरून, दुकानांच्या पाट्यांवरून, मोबाइलवरच्या मेसेजवरून लागलेली असते. ‘कमल’ आपण के-ए-एम-ए-एल असं लिहितो, म्हणजे ‘अ’ या आवाजाला अक्षर ए. ‘वैभव’ची सुरुवात व्ही-ए-आय, म्हणजे ‘ऐ’ला ए-आय. ‘केशव’ची के-ई, म्हणजे ‘ए’ या आवाजाला अक्षर ई. हेच तीन नियम त्यानं कप, नाइफ आणि केकला लावले. नियम लावूनच तो चुकला, पण ते नियम मराठी नावं लिहिण्याचे होते.

इंग्रजीत ऱ्हस्व ‘अ’ बहुतेक वेळा अक्षर यू-नं लिहितात: कप, सन, बस, मड, कट, जंप. त्याचं के-ए-पी इंग्रज माणूस ‘कॅप’ असं वाचेल. दोन पद्धतींमधला हा फरक मुलाला नकाशावर दाखवता येतो. ‘पंजाब’चं स्पेलिंग पी-यू-एन असं सुरू होतं, कारण ते इंग्रजांच्या कानानं लिहिलं गेलं. ‘पुणे’चं आजचं स्पेलिंगही पी-यू-एन असंच सुरू होतं, पण ते आपल्या पद्धतीचं आहे. तीच तीन अक्षरं, एकीकडे ‘पं’ आणि दुसरीकडे ‘पुन्’. इंग्रजांच्या काळात पुण्याला पी-ओ-ओ-एन-ए लिहायचे, कारण ‘ऊ’साठी त्यांच्याकडे डबल ओ होता. नावं लिहिताना आपली पद्धत, इंग्रजी शब्द लिहिताना त्यांची, एवढं मुलाच्या डोक्यात स्पष्ट झालं की कप, बस, सन यांसारख्या शब्दांतल्या चुका झपाट्यानं कमी होतात.

म्हणून पहिलं काम स्वरांचं. वहीच्या मागच्या पानावर त्याच्याकडूनच तक्ता करून घ्या. ‘अ’ ऐकू आला तर अक्षर यू. ‘ॲ’ ऐकू आला तर अक्षर ए: बॅट, मॅन, कॅप. लांब ‘ए’ ऐकू आला तर शब्दाच्या मध्ये अक्षर ए, मग व्यंजन आणि शेवटी मुका ई, म्हणजे लिहायचा पण म्हणायचा नाही: केक, गेट, नेम. किंवा ए-आय: रेन, ट्रेन. शब्दाच्या शेवटी ए-वाय: डे, प्ले. ‘आय’ असा आवाज आला तर मध्ये अक्षर आय आणि शेवटी मुका ई: टाइम, बाइक. शब्दाच्या शेवटी वाय: माय, फ्लाय, स्काय. सुरुवातीला एवढे चार आवाज पुरेत. प्रत्येकाला चार दिवस द्या.

दोन ठिकाणी मराठी कान हमखास फसतो. एक, शिप आणि शीप. आपल्या बोलण्यात इ-ईच्या लांबीवरून सहसा अर्थ बदलत नाही, त्यामुळे मुलाला फरक ऐकूच येत नाही आणि जे ऐकू येत नाही ते लिहिताही येत नाही. आधी कान तयार करा: फिल–फील, लिव्ह–लीव्ह, चिप–चीप या जोड्या तुम्ही म्हणा, त्यानं ‘आखूड’ किंवा ‘लांब’ एवढंच सांगायचं. आखूडला अक्षर आय, लांबला डबल ई किंवा ई-ए. या दोहोंपैकी कोणतं, ते शब्दागणिक पाहून लक्षात ठेवावं लागतं. दुसरी जागा व्ही आणि डब्ल्यूची. इथे मराठी वर्तमानपत्र कामाला येतं. मराठीत ‘वॉच’, ‘वॉटर’, ‘विंडो’ असा नुसता ‘व’ छापतात तिथे बहुतेकदा डब्ल्यू असतो. ‘व्हॅन’, ‘व्हिडिओ’ असा ‘व्ह’ असेल तिथे व्ही, नाहीतर ‘व्हाइट’, ‘व्हील’सारखा डब्ल्यू-एच. जोडीला ‘वाय’ या अक्षराच्या नावातच ‘व’ आहे आणि ‘डब्ल्यू’च्या नावात तो नाही, म्हणून काही मुलं ‘वॉच’ची सुरुवात वायनं करतात. ‘सी-यू-पी कप’ असा घोष करण्यातला तोटा हाच आहे. अक्षराचं नाव आणि अक्षराचा आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि स्पेलिंगला आवाज लागतो.

आता नाइफच्या के-कडे येऊ, कारण मुलाच्या प्रश्नाला खरं उत्तर मिळायला हवं. तो के पूर्वी उच्चारला जायचा. इंग्रज लोक या शब्दाला साधारण ‘क्नीफ’ म्हणायचे. ‘नी’ म्हणजे गुडघा, त्यालाही ‘क्’ होता. जर्मन भाषेत गुडघ्याचा तो ‘क्’ आजही स्पष्ट म्हणतात. नाइट, लाइट यांतल्या जी-एचच्या जागी घशातून काढलेला ‘ख’सारखा आवाज होता. राइट आणि राँगच्या पुढचा डब्ल्यू, लँब आणि क्लाइंबच्या शेवटचा बी, हे सगळे बोलले जायचे. म्हणजे ही अक्षरं कुणी त्रास द्यायला घातलेली नाहीत. बोलणं पुढे गेलं आणि लिहिणं मागे राहिलं.

मागे राहायचं कारण छापखाना. विल्यम कॅक्स्टननं १४७६ मध्ये लंडनजवळच्या वेस्टमिन्स्टरला इंग्लंडातला पहिला छापखाना उघडला. छपाई सुरू झाली की शब्दाचं रूप हळूहळू ठरून जातं, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्रजी स्पेलिंगं बरीचशी ठरून गेली. नेमक्या याच काळात, साधारण १४०० ते १७०० च्या दरम्यान, इंग्रजीचे दीर्घ स्वर एकामागून एक सरकले. ‘नेम’चा उच्चार त्याआधी आपल्या ‘नाम’च्या जवळचा होता. ‘टाइम’मध्ये ‘टीम’सारखा ई होता, ‘हाउस’ हा ‘हूस’ होता. लॅटिन, इटालियन आणि आपण मराठी नावांसाठी वापरतो त्या रोमन लिपीत ए म्हणजे आ आणि आय म्हणजे ई. इंग्रजीतही तसंच होतं, पण उच्चार सरकले आणि अक्षरं जागेवरच राहिली. जगातल्या बहुतेक रोमन लिपीवाल्या भाषांपेक्षा इंग्रजीचे स्वर वेगळे वाटतात ते यामुळे.

त्यात १०६६ नंतर इंग्लंडवर नॉर्मन राज्य आलं आणि फ्रेंच वळणाचे लेखनिक आले. ‘क्वीन’ पूर्वी सी-डब्ल्यूनं सुरू व्हायचा, त्यांनी क्यू-यू आणला. आइस, माइस यांच्या शेवटी ‘स’च्या आवाजाला सी आला तोही तेव्हा. पुढे लॅटिनचा अभ्यास वाढला तेव्हा विद्वानांनी काही शब्दांत मुद्दाम अक्षरं घातली. ‘डेट’ म्हणजे कर्ज, त्यात पूर्वी बी नव्हता. लॅटिनमधल्या ‘डेबितुम’ची आठवण म्हणून तो घातला. ‘डाउट’मधला बी तसाच आणि ‘रिसीट’मधला पीही. ‘आयलंड’मधला एस तर गैरसमजातून आला: हा शब्द मूळचा इंग्रजी, पण लॅटिन ‘इन्सुला’शी नातं आहे असं वाटून त्यात एस शिरला. ‘कुड’मधला एल ‘वुड’ आणि ‘शुड’च्या नादानं आला. त्या दोघांत मूळचा एल होता, याच्यात नव्हता. अशी मोजकी स्पेलिंगं खरोखरच पाठ करावी लागतात आणि मुलाला तसं प्रामाणिकपणे सांगावं.

शिवाय मुळातच अक्षरं अपुरी आहेत. इंग्रजीत सुमारे ४४ वेगवेगळे आवाज आहेत आणि अक्षरं २६, त्यांत स्वरांसाठी जेमतेम पाच-सहा. आपल्याकडे प्रत्येक स्वराला स्वतंत्र खूण आहे: काना, मात्रा, वेलांटी. इंग्रजीला ती उणीव अक्षरांच्या जोड्या करून आणि शब्दातल्या जागेवरून भरून काढावी लागते. युरोपातल्या १३ भाषांमध्ये वाचायला शिकणाऱ्या मुलांची तुलना २००३ साली प्रसिद्ध झाली. पहिल्या वर्षाच्या शेवटी फिनलंडमधली मुलं ओळखीचे जवळजवळ सगळे शब्द बरोबर वाचत होती, तर स्कॉटलंडमध्ये इंग्रजी शिकणारी मुलं साधारण एक तृतीयांश. तीही मातृभाषेत. तुमच्या मुलाला ही परकी भाषा आहे आणि त्याची पहिली लिपी देवनागरी आहे, जिथे लिहिलं तसं वाचता येतं. त्याला इंग्रजीत जास्त वेळ लागणं स्वाभाविक आहे.

मग नियम आहेत की नाहीत? आहेत, आणि शाळेत ते फार कमी सांगितले जातात याचं वाईट वाटतं. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात आवाजावरून अक्षर ठरवण्याचे नियम संगणकात घालून १७,००० हून अधिक शब्दांवर चालवून पाहिले होते. जवळजवळ निम्मे शब्द पूर्ण बरोबर आले आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांत एकाच आवाजाची चूक होती. त्या नियमांत अर्थ आणि शब्दाचं मूळ धरलेलं नव्हतं. तेही धरलं तर खरे आडमुठे शब्द थोडेच उरतात.

सगळ्यात उपयोगी नियम जागेचे आहेत. ‘क’ या आवाजाचंच बघा. पुढे अक्षर ए, ओ, यू किंवा व्यंजन असेल तर सी: कॅट, कॉट, कप, क्लॅप. पुढे ई, आय किंवा वाय असेल तर के: केटल, काइट, की. कारण ई, आय, वायच्या आधी आलेला सी ‘स’ म्हणतो: सेंट, सिटी, सायकल. आता ‘केक’ लिहून बघा. पहिल्या ‘क’च्या पुढे अक्षर ए आहे, म्हणून सी. शेवटच्या ‘क’च्या पुढे मुका ई येणार आहे, म्हणून तिथे के हवा. तिथे सी लिहिला तर शब्द ‘केस’ होईल. एका शब्दात एकाच आवाजाला दोन वेगळी अक्षरं आणि दोन्ही नियमानं. हे मुलाला एकदा कागदावर उलगडून दाखवलं की तो सी-ए-के-ई सहसा विसरत नाही. या नियमाला परके शब्द अपवाद आहेत. ‘कांगारू’ केनंच सुरू होतो, पण चौथीपर्यंतच्या शब्दांत असे फार नाहीत.

शब्दाच्या शेवटाचे नियमही असेच. ऱ्हस्व स्वराच्या लगेच मागे ‘क’ आला तर सी-के: बॅक, नेक, डक. दीर्घ स्वर किंवा दुसरं व्यंजन मध्ये असेल तर नुसता के: वीक, मिल्क. त्याच चालीवर ऱ्हस्व स्वरामागे ‘च’ला टी-सी-एच: कॅच, मॅच. नाहीतर सी-एच: टीच, बेंच. मच, सच, रिच, व्हिच हे चार अपवाद एका ओळीत लिहून ठेवावेत. ‘ज’ला ऱ्हस्व स्वरामागे डी-जी-ई: ब्रिज, जज. नाहीतर जी-ई: पेज, लार्ज. अस्सल इंग्रजी शब्द जे वर संपत नाही आणि व्हीवरही संपत नाही. म्हणून हॅव्ह, गिव्ह, लव्ह यांच्या शेवटी ई येतो, आधीचा स्वर दीर्घ नसला तरी. एकाच स्वराच्या छोट्या शब्दात ऱ्हस्व स्वरामागे एफ, एल, एस आले तर ते दोनदा लिहितात: ऑफ, हिल, क्लास. बस, यस, धिस, इफ हे अपवाद.

दुहेरी व्यंजनाचं कारण समजलं की आणखी एक मोठा गट सुटतो. दुहेरी व्यंजन आधीचा स्वर ऱ्हस्व ठेवतं. ‘हॉप’चं हॉपिंग करताना पी दोनदा, ‘होप’चं होपिंग करताना एकदाच आणि ई गळतो. रन–रनिंग, सिट–सिटिंग, पण राइड–रायडिंग. मुलं ‘डिनर’ आणि ‘डायनर’ यांत गोंधळतात ते याच एका एन-मुळे.

दोन अक्षरी-तीन अक्षरी शब्दांबाबतही एक सोपी खूण आहे. अर्थाचं वजन असलेल्या शब्दांना सहसा किमान तीन अक्षरं असतात. वाक्य जोडणारे छोटे शब्द मात्र दोन अक्षरांत भागतात. त्यामुळे ‘इन’ म्हणजे आत दोन अक्षरी, तर खाणावळ-मुक्कामाचा ‘इन’ डबल एनचा. ‘बी’ म्हणजे असणे दोन अक्षरी, ‘बी’ म्हणजे मधमाशी तीन. बी-वाय ‘बाय’ आणि बी-यू-वाय ‘बाय’, टी-ओ ‘टू’ आणि टी-डब्ल्यू-ओ ‘टू’, सगळे याच चालीचे. गो, डू आणि ऑक्स याला अपवाद. हे उच्चारानं सारखे शब्द एकाच दिवशी कधीही शिकवू नका. एक पक्का झाल्यावर आठ-दहा दिवसांनी दुसरा. शेजारी शेजारी मांडले की पक्का असलेलाही डळमळतो.

यापुढची पायरी अर्थाची. इंग्रजी स्पेलिंग आवाजाइतकंच नात्यालाही धरून असतं. जंप्ड, प्लेड, वाँटेड यांच्या शेवटी तीन वेगळे आवाज आहेत: ट, ड आणि इड. लिहिताना तिन्हीकडे ई-डी, कारण तिन्हीचा अर्थ एकच: काम होऊन गेलं. मूल जे-यू-एम-पी-टी लिहितं तेव्हा कान बरोबर असतो. त्याला एवढंच विचारावं, ‘हे काल झालं ना?’ ‘साइन’मध्ये जी ऐकू येत नाही, पण सिग्नल आणि सिग्नेचरमध्ये येतो. ‘टू’मधला डब्ल्यू ट्वेंटी, ट्वेल्व्ह, ट्विनमध्ये बोलतो. ‘सॉफन’मधला मुका टी ‘सॉफ्ट’मध्ये आहे. मुका वाटणारा असा एखादा भाऊ दिसला की त्याचं बोलणारं भावंड शोधायची सवय लावा. पुढे आठवी-नववीत इलेक्ट्रिक, इलेक्ट्रिसिटी, इलेक्ट्रिशियन अशा शब्दांत सी तीन वेगवेगळे आवाज काढतो तेव्हा ही सवय फार वाचवते.

ड्रायव्हर आणि कंडक्टरचंही असंच. शेवटचा ‘र’ ई-आर, ओ-आर की ए-आर, हे कानानं कळत नाही, कारण तिन्हीकडे आधीचा स्वर पुसट होतो. साध्या इंग्रजी क्रियापदाला बहुधा ई-आर लागतो: ड्राइव्ह–ड्रायव्हर, टीच–टीचर, फार्म–फार्मर. लॅटिनकडून आलेल्या, विशेषतः ‘क्ट’वर संपणाऱ्या शब्दांना ओ-आर: कंडक्टर, कलेक्टर, इन्स्पेक्टर, ॲक्टर. डॉक्टरही त्यांच्यातलाच. ए-आरचे शब्द थोडे: शुगर, कॉलर, डॉलर, कॅलेंडर. बाकीच्या पुसट किंवा मुक्या अक्षरांसाठी लिहिण्यापुरता खोटा उच्चार करायला शिकवा: वेड-नेस-डे, फ्राय-एंड, इस-लँड. वर्गात बोलताना नेहमीचा उच्चार, लिहिताना मनात हा. इथे मराठी मुलाला फायदा आहे, अक्षर न अक्षर म्हणायची सवय त्याला आधीपासून असते.

मूळ कळलं की बाकीचं स्पेलिंग ओळखता येतं. ग्रीक शब्दांत ‘फ’ला पी-एच आणि ‘क’ला सी-एच: फोन, फोटो, स्कूल, केमिस्ट्री. फ्रेंच शब्दांत ‘श’ला सी-एच: शेफ, मशीन. अमेरिकेतल्या राष्ट्रीय स्पेलिंग बी स्पर्धेत मुलांना शब्दाची मूळ भाषा विचारायची मुभा असते ती म्हणूनच. २०१९ मध्ये या स्पर्धेत आठ सहविजेते ठरले आणि त्यांतली सात मुलं भारतीय वंशाची होती. ही मुलं शब्दांच्या मुळांचा कसून अभ्यास करतात. आपल्याकडूनही इंग्रजीत शब्द गेले आहेत. ‘माँगूस’ हा मराठी मुंगसावरूनच गेला, आणि शेवटी त्याला जी-ओ-ओ-एस-ई असं हंसाच्या जातीचं स्पेलिंग चिकटलं.

आता सरावाचं. दहा वेळा लिहून फायदा का होत नाही, हे एकदा त्याच्या शेजारी बसून पाहा. बरीच मुलं आधी दहा ओळींत दहा के लिहितात, मग त्यांच्यापुढे दहा एन, मग दहा आय. शब्द एकदाही पूर्ण लिहिला जात नाही. जी मुलं पूर्ण लिहितात तीही दुसऱ्या वेळेपासून वरच्या ओळीतून उतरवतात. उतरवताना आठवावं लागत नाही, आणि आठवल्याशिवाय स्पेलिंग टिकत नाही.

त्याऐवजी दिवसाला पाचच शब्द, एकाच गटातले, पंधरा मिनिटं. शब्द आधी मोठ्यानं म्हणायचा आणि आवाज बोटांवर मोजायचे. नाइफचे आवाज तीन, म्हणून वहीत तीन चौकोन काढायचे. अक्षरं पाच असली तरी चौकोन तीनच. पहिल्या चौकोनात के-एन दोघे मिळून, दुसऱ्यात आय, तिसऱ्यात एफ, आणि शेवटी ई लिहून त्याच्यापासून आयकडे एक कमान काढायची, कारण तो ई आयला दीर्घ करायला आला आहे. लाल पेन्सिल फक्त अडणाऱ्या भागाखाली, इथे के-खाली. सगळा शब्द लाल केला तर काहीच उठून दिसत नाही. मग शब्द झाकायचा, न बघता लिहायचा, उघडून अक्षर-अक्षर स्वतः ताडून पाहायचा. चुकला तर चुकलेलं अक्षर तेवढं सांगायला लावा, तुम्ही सांगू नका. तोच शब्द दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं, मग पंधरा दिवसांनी एकेकदा न बघता लिहायचा. एकूण पाच वेळा लिहिणं होतं, पण पाचही वेळा आठवून.

रविवारी तीन छोटी वाक्यं सांगून लिहून घ्या, सहा ते आठ शब्दांची, आठवड्यातल्याच शब्दांची. सुट्या यादीत दहापैकी दहा आणि वाक्यात चुका, असं सुरुवातीला होतंच. वाक्य लिहिताना मूल अर्थ, क्रम, अक्षर असं सगळं एकदम सांभाळत असतं.

चुकांची वही वेगळी ठेवा आणि प्रत्येक चूक चारपैकी एका रकान्यात त्यालाच टाकू द्या: आवाज चुकला, जागा चुकली, अर्थाचं नातं विसरलो, पाठच करायचा होता. महिनाभरात कोणता रकाना भरतो ते दिसेल आणि पुढच्या महिन्यात काय घ्यायचं ते त्यावरून ठरेल. त्याच्या निबंधातल्या मात्र सगळ्या चुका लाल करू नका. जे शिकवून झालंय तेवढंच दाखवा. नाहीतर तो अवघड शब्द टाळून सोपेच शब्द लिहायला लागतो, आणि ते नुकसान स्पेलिंगच्या चुकीपेक्षा मोठं आहे. चुकीचं स्पेलिंग मुद्दाम समोर ठेवून ‘बरोबर कोणतं’ विचारायचे खेळही या वयात नकोत. डोळ्यांपुढे दोन्ही रूपं राहतात. आणि रोज दोन पानं इंग्रजी गोष्ट बोट ठेवून मोठ्यानं वाचू द्या, त्याच्या पातळीपेक्षा सोपी चालेल. नियमानं लिहिलेला शब्द डोळ्याला ओळखीचा होतो तो वाचनातूनच.

दोषाबद्दल तुम्ही विचारलंत. पत्रावरून तशी शंका येत नाही. मराठी वेगानं वाचतो, शुद्ध लिहितो, इंग्रजीतल्या चुका आवाजाला धरून आहेत. शंका कधी घ्यावी, तर मराठी वाचतानाही अडखळत असेल किंवा बरोबर पण फार सावकाश वाचत असेल, काना-वेलांट्या आणि जोडाक्षरं गाळत असेल, शब्दातले आवाजच खालीवर करत असेल, ‘कप’चे आवाज सुटे करून सांगता येत नसतील आणि पाच-सहा महिन्यांच्या नियमित सरावानंही हे हलत नसेल तर. तेव्हा आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत, मग अध्ययन अक्षमतेची चाचणी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक अशा सवलती मिळू शकतात.

शाळेशी बोलताना तक्रारीचा सूर नको. पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाची चूक उलगडायला शिक्षकांना वेळ मिळत नाही. चुकांची वही महिन्याच्या शेवटी वर्गशिक्षकांना दाखवा आणि एवढीच विनंती करा, की दहा वेळा लिहायच्या शिक्षेऐवजी तोच शब्द तीन वेगवेगळ्या दिवशी वर्गात न बघता लिहून दाखवायची परवानगी द्यावी. आठवड्याचे दहा शब्द आधी कळले तर तेही मागून घ्या. शनिवारी त्यांचे गट पाडायचे, जे गटात बसत नाहीत ते एक-दोन बाजूला काढायचे आणि सोमवारपासून रोजचे पाच घ्यायचे.